पिस्तुलाची खोळ

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही असशीलच. पत्रास कारण की, परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, ट्रेनिंग संपतंय, संचलनाला येताय ना?" आणि मी "आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये" करत फोन ठेवून दिला. आवाज चांगला येत होता. तुझा आवाज आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा झालाय, तो फोनमधून न यायला काय झालं?

सुट्टीचं अवघड आहे. नोकरी नवीन, मालकीणबाई कडक. माझा गुडघाही कुरकुर करतो. शिवाय उन्हात फार वेळ बसलं की आईला चक्कर येते. (हे वाक्य आईने वाचलं आणि म्हणाली, "माझ्या नावावर बिल फाडू नका." तेव्हा ते खोडलं असं समज.)

नोकरीबद्दल तुला नीट सांगितलंच नाही. बाजारामागच्या गल्लीत बॅगा, पट्टे, पाकिटं दुरुस्त करायचं दुकान आहे. मालकीणबाई वयाने माझ्याहून लहान, आवाजाने मोठ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो सोफावाले, हा सोफा नाही. टाका बारीक घाला." ज्याने जन्मभर सोफे शिवले त्याला टाका शिकवतात! राग नाकाच्या शेंड्यावर आला. मग टाका उसवला आणि बारीक घातला. त्यांचंच बरोबर होतं.

दिवाळं निघालेल्या माणसाचे दिवस कसे जातात हे तू कधी विचारलं नाहीस, ती तुझी माया. तरी सांगतो. कोर्टाच्या कागदावर मला 'नादार' म्हटलंय. 'नादान'च्या इतकं शेजारी आहे की लोक वाचताना हमखास घोटाळा करतात. बँकेतला कारकून मला पाहिलं की काचेमागे काहीतरी शोधायला वाकतो. आपला जुना कापडवाला मला टाळायला रस्ता ओलांडायचा. हल्ली तोही कंटाळला, समोरूनच जातो. सुरुवातीला मी मान खाली घालायचो. आता घालत नाही. डबा घेऊन निघतो, वेळेवर पोचतो, आठवडा भरला की पगार घेतो, घर चालतं. पूर्वी कामगारांचे पगार करायचा दिवस आला की मी रात्रभर हिशेब मांडत बसायचो, आता मालकीणबाई बसतात. पुन्हा स्वतःचं काही उभं करीन की नाही ठाऊक नाही. पण मी उभा आहे, हे तू ध्यानात ठेव.

आई हाका मारतेय. उरलेलं उद्या लिहितो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ठमे, रविवारी लिहिलेलं वाचलं आणि फाडणार होतो. त्यात सुट्टी आहे, गुडघा आहे, आई आहे, खरं कारण तेवढं नाही. पण काल दुकानात एक माणूस आला, आणि आता ते लिहिल्यावाचून सुटका नाही.

हवालदार होता, साध्या कपड्यांत. पिशवीतून पिस्तूल ठेवायची चामडी खोळ काढून त्याने फळीवर ठेवली. रिकामीच. खात्यातून नवी मिळेपर्यंत ही चालवायची, म्हणाला. वरची पट्टी उसवली होती, टिचबटण लागत नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "सोफावाले, हे तुम्ही घ्या."

"नाही घेणार."

"का?"

"चामडं मेलंय."

चामडं उत्तम होतं. मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्या हवालदारानेही. म्हणाला, "काका, तुमचा सोफ्याचा कारखाना होता ना?"

मी त्याला खोळ दिसायच्या आधीच ओळखलं होतं.

आता नीट ऐक. कारखान्याला टाळं ठोकलं त्या दिवशी काय झालं ते मी तुम्हा दोघींना सांगितलं नव्हतं. कोर्टाची माणसं आली तेव्हा मी शेवटच्या सोफ्याचं कापड कापत होतो. एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता. म्हटलं, एवढा पुरा करू द्या. ते म्हणाले, जमणार नाही. मी ओरडत दाराकडे निघालो. हातात कापडाची मोठी कात्री होती, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. इतकी वर्षं हातात असलेली कात्री, ती मला बोटांसारखीच. त्या लोकांबरोबर दोन पोलीस होते. त्यातल्या तरण्याने पिस्तूल काढलं आणि माझ्या छातीवर रोखलं.

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला ते मागून धरायला शिकवतात. समोरून कसं दिसतं ते मी सांगतो. नळीचं तोंड लहानसं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. बाकी काही दिसेनासंच होतं. कोणीतरी ओरडत होतं, पण शब्द कळत नव्हते. "टाक, टाक" म्हणत असेल, पण काय टाकायचं? मग दुसरा, वयाने मोठा, हळू आवाजात म्हणाला, "काका, कात्री खाली ठेवा. काका, इकडे माझ्याकडे बघा." काका म्हटल्यावर मला आपण कोण ते आठवलं. कात्री ठेवली. मग लक्षात आलं, माझी पँट ओली झाली होती. घरी सांगितलं, पाण्याचा जग सांडला.

कारखाना गेल्याचं रडू आलं आणि ओसरलं. हे मात्र आत रुतून बसलं. त्याच महिन्यात तू पोलीसभरतीचा फॉर्म भरलास. म्हणालीस, "बाबा, आता आपल्या दाराशी येऊन ओरडायची कोणाची छाती होणार नाही." तुझा चेहरा असा उजळला होता, मी काय बोलणार?

तर काल मी त्या हवालदाराला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही का नाही काढलंत?"

तो म्हणाला, "एकदा काढलं की परत आत घालायची लाज वाटते, काका. म्हणून मी आधी तोंड वापरतो." मग म्हणाला, "पोरगं घाबरलं होतं. त्याचं बोट चापावर होतं. मी बघितलं."

मालकीणबाईंनी उठून पंखा बंद केला, का कोण जाणे.

"कुठे असतो आता तो?"

"माझ्याबरोबरच. चांगला आहे. त्या दिवसाबद्दल बोलत नाही."

"मीही नाही बोललो," मी म्हटलं. "माझी मुलगी तुमच्या खात्यात येतेय."

तो म्हणाला, "मग तिला सांगा. आम्हाला पुठ्ठ्याच्या माणसांवर शिकवतात. पुठ्ठा घाबरत नाही, गोंधळत नाही. समोर उभं राहिलेल्याचं तिला कोण सांगणार?"

मी खोळ ओढून घेतली. दोऱ्याला मेण लावलं, दोन सुयांनी एकाच भोकातून उलटसुलट टाके घातले. पट्टी अशी शिवली की अंगठ्याने मुद्दाम उघडल्याखेरीज बटण सुटू नये. त्याने उघडून लावून पाहिलं.

"घट्ट झालंय."

"घट्टच पाहिजे," मी म्हटलं.

ठमे, नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. वर्षभर मनात तेच होतं, कालपासून नाही. तू कोणाच्या तरी दारात जाणार, आणि त्या दारात माझ्यासारखा कोणीतरी असणार. समोर कोणी ओरडत आला तर आधी त्याला हाक मार. काका म्हण, मावशी म्हण, काहीच सुचलं नाही तर अहो म्हण, पण हाक मार. "आणि तेवढ्यात तिच्याच जिवावर बेतलं तर?" असं आई विचारते. तिचंही खरं आहे. तुला दोन्ही भीती बरोबर घेऊनच हे काम करावं लागणार. एकीलाच ऐकू नकोस.

हे सगळं आज सकाळी आईला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कारखान्यातला जग फुटून तेव्हा महिना झाला होता. कळलं होतं मला." मग पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. नंतर तुझ्या संचलनाला नेसायची साडी बाहेर काढली.

सुट्टी मागायची वेळच आली नाही. संचलन कधी ते विचारून मालकीणबाई म्हणाल्या, "त्या दिवशी दुकानात दिसलात तर याद राखा."

तेव्हा आम्ही येतोय. जागा मिळाली तर पहिल्याच रांगेत. तू हत्यार घेऊन समोरून जाशील तेव्हा मी मान वळवणार नाही, डोळे मिटणार नाही. तू मात्र आमच्याकडे बघू नकोस, नजर सरळ ठेव. बघायचं काम माझं.

तुझ्या समोर बसायला येणारा,

बाबा