दुसऱ्या पाहणीची सही

सोमवार, ३ मार्च १९५२

नोकरी मिळाली, आणि तीही सिनेमे पाहायची! सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात खाणीशिवाय दुसरे काही मिळू शकते, यावर मावशीचा अजून विश्वास बसलेला नाही. गोदाम गावाबाहेर आहे, कारण जुनी फिल्म झटकन पेटते. मला स्वतःची खोली, स्वतःचा प्रोजेक्टर आणि टोक केलेल्या सहा पेन्सिली दिल्या आहेत.

काम असे: जुना सिनेमा मी पाहायचा आणि कार्डावर ओरखडे, जोड, तुटलेल्या जागा नोंदवायच्या. आठवड्याने तोच सिनेमा शेजारच्या खोलीतल्या व्हर्नाबाई पुन्हा पाहतात. दोघांनी ‘टाकाऊ’ लिहून सह्या केल्या की डबा मागच्या हौदावर जातो. तिथे गस नावाचा कामगार ती फिल्म कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून तिच्यातली चांदी काढतो.

मी इथे का आलो ते गोदामाच्या टटलसाहेबांना, म्हणजे आमच्या वरिष्ठांना, सांगितलेले नाही. १९२६ साली आमच्या गावात पुराच्या कथेचा एक सिनेमा काढला गेला, त्याच्या गर्दीत आई उभी होती. कॅमेऱ्याकडे पाहू नका असे बजावूनही ती एकटी थेट पाहत राहिली, असे मावशी सांगते. मी तीन वर्षांचा असताना ती गेली. तिचा एकही फोटो नाही. तो सिनेमा या गोदामात आहे असे ऐकले होते.

गुरुवार, १३ मार्च

लहानपणी पोट धरून हसलो ते सिनेमे पुन्हा पाहतो आहे. तेव्हा जाडा माणूस शिडीवरून पडताना दिसला होता. आता शिडी धरणाऱ्याचा हात थरथरताना दिसतो. काउबॉय गोळ्या झाडतो आणि मी मागे दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या बाईकडे पाहतो. नाचणाऱ्यांच्या रांगेतली शेवटची मुलगी कायम अर्धे पाऊल मागे असते. युद्धात मेलेला शिपाई हळूच श्वास घेतो. या लोकांची नावे कुठेच लिहिलेली नसतात.

व्हर्नाबाई म्हणाल्या, अरे पोरा, ओरखडे मोज, माणसांची दुःखं नको मोजूस. त्यासाठी कार्डावर रकानाच नाही.

आईचा सिनेमा यादीत सापडला नाही. अजून चारशे डबे बाकी आहेत.

शुक्रवार, २१ मार्च

व्हर्नाबाई दात काढून घ्यायला गेल्या. टटलसाहेबांना दुपारपर्यंत पंधरा डबे हौदावर हवे होते, आणि एका डब्यावर दुसरी सही नव्हती. व्हर्नाबाईंनीच एकदा सांगितले होते, इथं सगळेच एकमेकांच्या सह्या ठोकतात, तू काय बिशप लागून गेलास?

विनोदी सिनेमा, रिळे पाच. खरे तर मीही पहिलेच रीळ पाहिले होते. नुसती केकची फेकाफेक. माझ्या सहीखाली व्हर्नाबाईंची सही केली. हुबेहूब झाली.

सोमवार, २४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत गस म्हणाला, काय रे लेस्टर, त्या केकवाल्या सिनेमात आपल्या गावचं चर्च कसं काय आलं? चौथ्या रिळात पूर, होड्या, चिंब भिजलेली माणसं. कुणा गाढवानं भलत्याच डब्यात भरलं होतं बघ. उजेडात धरून पाहिलं तर एक बाई सरळ माझ्याकडेच बघत होती. दिसायला झकास होती.

मी विचारले, ती फिल्म कुठे आहे.

तो हसला. म्हणाला, आता चांदी होऊन कुणाच्या तरी चमच्यात.

मी खोलीत परत आलो आणि अर्धे राहिलेले कार्ड पूर्ण केले. दोनदा तपासले. चूक नव्हती.

बुधवार, २६ मार्च

काउबॉयचा सिनेमा पुन्हा लावला. गुत्त्यातल्या दृश्यात माणसे सात, असे कार्डाच्या कडेला माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. आज अकरा भरली. चौघे मागच्या भिंतीला टेकून उभे होते. आमच्याकडच्या खाणकामगारांच्या टोप्या. कपड्यांतून पाणी गळत होते.

शुक्रवार, २८ मार्च

युद्धाच्या सिनेमात खंदकात बायका-मुले. गाण्याच्या सिनेमात नाचणाऱ्यांच्या मागे तीच माणसे, ओली. कुठेतरी उभे राहायचे म्हणून उभी आहेत. त्यांची जागा आम्ही उकळली.

व्हर्नाबाईंना बोलावून दाखवले, उकळलेल्या पुराच्या रिळाचेही सांगितले. त्यांनी पडद्याजवळ जाऊन पाहिले. मग विचारले, या लोकांच्या डब्याच्या कार्डावर दुसरी सही कुणाची होती?

मी म्हणालो, आठवत नाही.

सोमवार, ३१ मार्च

आई दिसली.

गुप्तहेराच्या सिनेमात, खिडकीच्या पडद्याशी. थेट पाहत होती. माझ्यासारखेच कान. मी मोठ्याने हाक मारली. ती हसली नाही. तिने बोट उचलले आणि शेजारच्यांना मला दाखवले.

सगळ्यांनी पाहिले.

मंगळवार, १ एप्रिल

प्रत्येक रिळात. प्रत्येक वेळी थोडे पुढे — नायक त्यांच्यामागे झाकला गेला — शेवटी चौकटीत नुसते चेहरे, आणि मधे ती. किती वर्षे हा चेहरा पाहायचा होता. आता बंद करतो आणि बंद होत नाही —

बुधवार, २ एप्रिल, सकाळी अकरा

पडद्यावर घोडा आहे, स्वार नाही. रस्ता रिकामा. एकही माणूस —

फरशी ओली आहे. दार लावून घेतले.

बाहेरून विचारतात, दुसरी पाहणी कुणी केली. आवाज चढवत नाहीत.

मी सांगितले, व्हर्नाबाईंनी.

शेजारचा प्रोजेक्टर थांबला. खुर्ची पडली. व्हर्नाबाईंनी एकदाच माझे नाव —

ते पुन्हा माझ्या दाराशी. दाराखालून त्या केकवाल्या सिनेमाचे कार्ड आत सरकवले, भिजलेले. त्यामागून एक बोट. आईचे असावे. माझ्या सहीवरून फिरले, मग खालच्या सहीवरून. आता पुन्हा वरच्या. सावकाश, अक्षर अन् अक्षर. दोन्ही एकाच हाताच्या आहेत हे तिला कळले —