क्लेमचं पावसाचं यंत्र

७ मे, मंगळवार

क्लेमकडून खोकं आलं. नऊ वर्षांनी भावाला बहिणीचा पत्ता आठवला! पत्र नाही. आत एक पांढरा डबा, त्यावर नरसाळं, आणि त्याच्या अक्षरात दोन पानं सूचना.

नरसाळ्याखाली इवलासा सीसॉ आहे. त्याला दोन वाट्या. एक भरली की कलंडते, रिकामी होते, दुसरी नरसाळ्याखाली येते. दर वेळी 'टिक' – म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. बाजूच्या डबीत सिमकार्ड. माझ्याकडे किती पडला ते त्याला पोर्ट लिंकनला घरबसल्या दिसणार. त्याने जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडल्या, निवृत्त झाल्यावर हे.

शेवटची ओळ – 'पाणसळ लावून बसव. तिरपं बसलं तर खोटं मोजेल.'

आईला पुरलं त्या दिवशी तो म्हणाला होता, "तू तिला या उजाड रानात मरू दिलंस." मी म्हणाले, "वर्षातून दोनदा यायचास, तेही हेच सांगायला." त्यानंतर आज हा डबा.

११ मे, शनिवार

बसवलं. कुंपणाच्या खांबावर. शेजारच्या रानाचा डेस पाणसळ धरायला आला होता. "नेरिडा, पाऊस नाहीच, तर मोजायला एवढं कशाला लागतं? मी बोटांवर मोजतो. हे बघ." मूठ दाखवली. एकही बोट वर नाही.

२३ मे

टिक नाही.

२ जून, रविवार

गलाह पोपटांनी नरसाळ्यात घाण केली होती. कप घेतला आणि अर्धा कप पाणी ओतून धुतलं. आत टिक टिक टिक. पंधरा मोजल्या, मग लक्षात आलं – हे सगळं क्लेमला दिसलं असणार!

संध्याकाळी सहाला फोन. क्लेम!

"काय, पाऊस काय म्हणतोय?"

पक्ष्याची घाण होती असं सांगायचं होतं. म्हणाले, "झाला थोडा."

"किती?"

आकडा समोर दिसत असून विचारतोय. परीक्षाच. "तीन मिलिमीटर."

"बरं." ठेवला.

नऊ वर्षांनी ऐकला आवाज. म्हातारा झालाय.

९ जून, रविवार

आज पुन्हा ओतलं. मुद्दाम.

एकदम ओतलं तर ढगफुटी वाटेल, म्हणून चमच्याने. सव्वा चमच्याला एक टिक. दहा वेळा टिक. दोन मिलिमीटर. सहाला फोन! या वेळी मेंढ्या किती राहिल्यात तेही विचारलं. एकशे ऐंशी, म्हणाले.

ठरवलं – रविवारीच ओतायचं. रोज पाडला तर संशय येईल.

२३ जून, रविवार

डेसने पकडलं. हातात चमचा, कप.

"खांबाला चहा पाजतेस?"

"साफ करतेय."

"चमच्याने?"

"जाळी नाजूक आहे."

"एकटं राहून असं होतं," म्हणाला आणि गेला. दीड तासाने त्याच्या बायकोने मटणाचा पाय पाठवला.

३० जून, रविवार

दोन मिलिमीटर. क्लेम पंचवीस मिनिटं बोलला. घरी एकटाच आहे आता. चॉप्स भाजायला ठेवून रेडिओ दुरुस्त करायला बसतो, मग दोन्ही जळतात. हसले. तोही हसला.

१४ जुलै, रविवार

एक मिलिमीटरच पाडला. लोभ नको.

क्लेम म्हणाला, "आईच्या खोलीत आता काय आहे?"

"चाऱ्याची पोती."

"तिला आवडलं असतं."

"हो."

मग तोच म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो ना, नेर–"

"मीही बोललेच की."

"बरं."

झालं. नऊ वर्षांचं एवढ्यात आटपलं. फोन ठेवून भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

३ ऑगस्ट, शनिवार

ट्रक आला. सगळ्या मेंढ्या विकल्या गेल्या. चारा संपलाय, रान लाल पडलंय, दुसरा उपाय नव्हता. डेसने चढवायला मदत केली. एकही विनोद नाही. जाताना माझी टोपी खाली पडली होती ती उचलून झटकून दिली.

दुपारी सवयीने मेंढवाड्याकडे गेले. पाण्याचा हौद भरला. कुणासाठी?

४ ऑगस्ट, रविवार

चार मिलिमीटर ओतला. का ते ठाऊक नाही. हात थांबेना.

"चार! मग गवत फुटलं असेल," क्लेम.

"फुटतंय."

"मेंढ्या खूश असतील."

"हो."

त्याला मेंढ्या गेल्याचं सांगता आलं नाही. सांगितलं तर पाऊस कुठे गेला हेही सांगावं लागेल. आणि पाऊस नाही म्हटलं तर फोन कशाला करेल? जेवले नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

सांगायला हवं. पण सांगितल्यावर तो पुन्हा नऊ वर्षं रुसला, तर तेवढी वर्षं आता आम्हाला मिळणार नाहीत. तो पंच्याहत्तरचा, मी एकाहत्तर.

११ ऑगस्ट, रविवार

आज ओतलं नाही. फोन येणार नाही म्हणून पाच वाजताच अंगावर पांघरूण घेऊन बसले.

सहाला वाजला.

"काय, पाऊस काय म्हणतोय?"

सगळं सांगितलं. कप, चमचा, मेंढ्या. थेंबही पडला नाही, म्हणाले, एकाही रविवारी.

"ठाऊक आहे," क्लेम म्हणाला. "सिम मे महिन्यातच बंद पडलं. मला इथे काही दिसतच नाही. आणि तुमच्या भागाचा पाऊस रेडिओवर रोज सांगतात. शून्य."

"मग दर वेळी विचारायचास कशाला?"

"दुसरं काय विचारणार होतो तुला?"