सत्त्याण्णववर उचललेलं बोट

५ जाने.
टक्! पिशोरच्या शाळेमागं गफारनं मारलेल्या पहिल्या चेंडूचा आवाज. पन्नासेक वर्षं झाली, आम्ही औरंगाबादेत आलो, तरी डोळे मिटून त्याची बॅट ओळखतो. लघू नाय, ठसठशीत गुरू. जन्मभर वर्गात वृत्तं शिकवली, पण असं अक्षर...
आज क्लबातल्या फळ्यासमोर उगाच उभा राहिलो. 'सर्वांत वयस्कर शतकवीर', खाली माझं नाव, वय ६४. मागल्या मोसमात ९९ वर धाव घेताना अडकलो होतो. गफारनं मला आपली क्रीज दिली, स्वतः बाद झाला. वर नानखलियाही त्यानंच खाऊ घातला.

१६ जाने.
गफारच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. रविवारची मॅच त्याची शेवटची.
"मास्तर, फळ्यापरसे तेरा नाम पोंछ डालूंगा, देख!"
हसलो. दोघांचीही जन्मतारीख १ जून, एकाच वर्षाची. हेडमास्तरांची देणगी. यंदा त्यानं शंभर केले, तर तो ६५ चा. फळा त्याचा.

१८ जाने., रवि.
मी शून्यावर बाद. आमच्यात बाद झालेल्यानंच पुढं अंपायर म्हणून उभं राहायचं. राहिलो.
गफार लई देखणं खेळला. कविताच. ९७.
मग चेंडू पॅडवर. त्याआधी टक्. बॉलरनं अपीलही अर्धवटच केलं.
माझं बोट वर.
"मास्तर, बॅट लगी थी ना! तेरेकू सुनाई नै दिया?"
"कानांचं वय झालं रे."
ग्लव्हज काढत गेला. वळून बघितलं नाय.

१९ जाने.
कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाला, "आपलीच टीम, आपलाच दोस्त, तरी बोट वर! मानलं, मास्तर." शाल दिली.
घेतली. उबदार आहे.

६ फेब्रु.
ऑपरेशन झालं. बॅटीला आता हातसुद्धा लावायचा नाय म्हणे. कॅप्टनकडून कळलं. भेटायला गेलो नाय.
पहिला विचार : फळा शाबूत.
दुसरा लिहीत नाय.

८ फेब्रु.
दुपार. शाल पांघरून जुनी कवितांची वही चाळत होतो. एका ओळीचा शेवट काही केल्या...
दारावर कुणीतरी. हातानं नाय, लाकडानं.
टक्.
पेन हातातच. उठलो नाय.
"मास्तर," बाहेरून गफार, "अब सुनाई दिया क्या?"
टक्.