दोन बटणांची गोष्ट

चिमणे,

बाबा गेले त्या सकाळी मी कपडे पिळत होते, तेव्हा ते म्हणाले, "छातीत जड वाटतंय गं." मी म्हणाले, "एवढे वाळत घालते, मग जाऊ."

त्या सकाळवर तू संगणकावर रचलेली गोष्ट मी परवा उघडली. तिच्यात दोन बटणं आहेत, 'लगेच दवाखाना' आणि 'थोडं थांबू'. पहिलं दाबलं की बाबा बरे होऊन घरी येतात. दिवसभर मी तेच दाबत राहिले, जेवणही सुचलं नाही. दुसरं दाबलं की ते जातात. तिथं तू लिहिलंयस, 'आईला ऐकू आलं नाही.'

फोनवर तू म्हणाली होतीस, "आई, गोष्टीत चूक दिसली तर तूच दुरुस्त कर, कसं करायचं ते शिकवलंय ना तुला?"

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'आईला ऐकू आलं होतं.'

तुझी,
आई