सवय की रक्त: इंद्रलोकच्या पालींचा निकाल

आई, आपल्या भांडणाचा निकाल लागला. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मधल्या काळात माझेही केस पांढरे झाले, पण पालींच्या पिढ्या काही माझ्या घाईने वाढत नाहीत. इंद्रलोक वसाहतीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. पश्चिमेची ती भिंत उन्हाळ्यात दिवेलागणीलासुद्धा तव्यासारखी तापलेली असायची आणि पाली तिच्यावर खुशाल पसरलेल्या असायच्या. तू त्यांच्याशी युद्धच मांडलं होतंस. आधी मोरपीस झालं, मग डांबराच्या गोळ्या, मग कुणीतरी सांगितलं म्हणून अंड्यांची टरफलं दोऱ्यात ओवून खिडकीत टांगलीस. पालींनी ती हुंगूनही पाहिली नाहीत. बिथरल्या त्या समोरच्या जैन काकी. "भाभी, ये क्या लटकाया है?" त्यांनी दारातूनच विचारलं. तू शांतपणे म्हणालीस, "दवाई है. छिपकली का." काकींचा चेहरा एकदम मवाळ झाला. "अरेरे, छिपकली बीमार है?"

अशा घरात मी जाहीर केलं की पीएच.डी. पालींवर करणार. तू गॅस बंद केलास. तू गॅस बंद केलास म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला लहानपणापासून माहीत. "लोकांच्या मुली कॅन्सरवर करतात," तू म्हणालीस, "आणि तू पालींवर?" मी समजावायला लागले. आपल्या तापलेल्या भिंतीवरची पाल आणि चेणे गावाच्या झाडीत गारव्याला राहणारी त्याच जातीची पाल, यांत आपली जास्त उष्णता सोसते. ती का सोसते, तिच्या जनुकांतच काही वेगळं आहे का, ते शोधायचंय. "त्यात शोधायचं काय? सवय झाली त्यांना. मला नाही झाली? गिरगाव सोडून इथे आले तेव्हा भाजीवाल्याशी हिंदी बोलताना घाम फुटायचा. आता गुजरातीत घासाघीस करते." मी म्हटलं, "सवय पिल्लांना मिळत नसते, आई. ज्यांच्या रक्तातच सोसणं असतं त्या टिकतात आणि त्यांची पिल्लं वाढतात." तू डोळे बारीक केलेस. "म्हणजे माझं गुजराती तुला मिळालं नाही?" मी नाही म्हटलं. "ते दिसतंच आहे," म्हणालीस आणि गॅस पेटवलास. मग कित्येक वर्षं, कढीपासून लग्नापर्यंत कुठलाही विषय निघाला तरी आपण शेवटी सवय की रक्त यावरच येऊन भांडायचो.

पीएच.डी. सुरू झाल्यावर एका रविवारी मी पहिल्यांदा पाली पकडायला घरी आले. मी स्टुलावर, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात पुठ्ठा. तू डायनिंग टेबलावर उभी, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, आणि तिथून हुकूम सोडतेयस. "ती नको, तिच्या पोटात अंडी आहेत. ती बुटकी घे. अगं ती नाही, तिची शेपटी गेल्या महिन्यातच तुटली, आत्ता कुठे फुटतेय. आणि ट्यूबलाइटमागचीला हात लावायचा नाही." मी बघतच राहते. पालीचं नाव काढलं की जिच्या अंगावर काटा येतो, तिला एकेक पाल ओळखू येते. "ती का नको?" मी विचारते. तू पदर सारखा करत म्हणतेस, "दुपारी बाबा ऑफिसात, तू कॉलेजात. मी काही बोलले की तेवढी तीच चुकचुकते." मी हसले, आणि मग स्टुलावरून उतरून उगाचच बरणी पुसत बसले. बाकीच्यांपैकी चार मिळाल्या. ट्यूबलाइटमागची तिथेच राहिली.

तू होतीस तोवर मला फक्त शेपटीच्या टोकांतली जनुकं वाचता आली. खरा प्रयोग व्हायला माझी स्वतःची प्रयोगशाळा व्हावी लागली. इंद्रलोकच्या आणि चेण्याच्या पाली एकाच गार तापमानाच्या खोलीत ठेवल्या आणि त्यांची नातवंडं होईपर्यंत थांबले. नातवंडं अशासाठी, की पिल्लावर आईच्या शरीराचा असर राहतो आणि तो एका पिढीत पुरता जात नाही. आमच्यात त्याला मातृप्रभाव म्हणतात, आणि तो हिशेबातून काढून टाकायचा असतो. हे वर्गात शिकवताना मला हसू आवरत नाही. समोरच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या आयांना मी भेटलेय. तर निकाल असा. गारव्यात जन्मलेल्या इंद्रलोकच्या नातवंडांचं उष्णता सोसणं कमी झालं, पण चेण्याच्या पालींइतकं खाली आलं नाही. जवळजवळ निम्मा फरक उरला. तो रक्तातला. निम्मा विरून गेला. ती नुसती सवय. माझा सहकारी म्हणाला, लेखात सवयीचा भाग दोन ओळींत उरकू, लोकांना जनुकंच वाचायची असतात. मी त्याच्याशी अशी भांडले की तो बिचारा चहा तसाच टाकून गेला. तुझा निम्मा भाग पूर्ण छापून येतोय, आई. तू अर्धी जिंकलीस. तू असतीस तर अर्धी हा शब्द गाळून सगळ्यांना सांगितलं असतंस.

एक गोष्ट मात्र लेखात नाही. काल पिंजरा साफ करताना एक पाल उसळून माझ्या खांद्यावर आली. मी अशी किंचाळले की विद्यार्थी धावत आले, तेव्हा मी टेबलावर उभी होते. "पाय घसरला," मी म्हणाले. खालून वर कसा घसरला, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. खरं सांगू? मला पालींची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. बरणीचं झाकण मी अजून डोळे अर्धे मिटून लावते. ही भीती तुझ्या रक्तातून आली की तुझ्या किंकाळ्या ऐकून ऐकून लागली, ते तपासायची सोय नाही, कारण त्यासाठी माझ्यासारखी आणखी एक, दुसऱ्याच घरात वाढलेली, लागेल. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचत नाही तेच बरं. तू हे वाचून साऱ्या बिल्डिंगला सांगितलं असतंस.