पट्ट्याला दिलेली कडक इस्त्री

माननीय साडूभाऊ,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी आहे, तेवढं चालवून घ्या). इकडे आम्ही ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची गरज नाही, कारण तुम्हाला साधी शिंक आली तरी तिची बातमी आमच्या जेवणाच्या टेबलावर येते. गेले पंधरा दिवस माझी बायको रोज सकाळी तुमच्या गाडीतून दवाखान्यात कामाला जाते आणि जेवताना तुमच्याबद्दल सांगते. तुम्ही गिअर किती अलगद टाकता, वळणावर पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही, वगैरे. मी मुकाट्याने जेवतो. मनाने मी फार मोठा माणूस आहे, त्याबद्दल दुमत नाही (निदान माझं तरी).

सगळ्याचं मूळ म्हणजे माझ्या गाडीच्या शेजारच्या सीटचा पट्टा. तो ओढला की बाहेर येतो, पण परत आत जायचं नाव घेत नाही. लोळत पडतो, दारात अडकतो, रस्त्याचा चिखल खातो. एके दिवशी ती दवाखान्यात पोचली, ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका काळा पट्टा उमटवून. लाँड्रीवाल्याची बायको! दंतवैद्यांनीसुद्धा विचारलं म्हणे. संध्याकाळी तिने जाहीर केलं की पट्टा नीट होईपर्यंत ती माझ्या शेजारी बसणार नाही, आणि दुसऱ्याच दिवशी साडेआठला आमच्या फाटकाशी तुमचा हॉर्न वाजला. दवाखाना तुमच्या ऑफिसच्या वाटेवरच आहे म्हणालात. ते वाटेवर आहे हे मला ठाऊक आहे, साडूभाऊ. पण त्या दिवशी गाडी एवढी धुऊन का आणली होती, ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, न्यायचं तर गुपचूप न्यायचं. तुम्ही तिला वाटेत सांगितलंत की तुमचाही पट्टा असाच रुसला होता आणि एका रविवारी तुम्ही तो घरीच नीट केलात. पूर्ण बाहेर ओढायचा, परत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावायचा, कोमट साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचा, पूर्ण वाळला की चिमटा काढायचा. मळ गेला की पट्टा सुर्रकन आत. हे तिने मला ऐकवलं. मला! बावीस वर्षं मी लोकांचे डाग काढतोय. तुमच्यासारख्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या माणसाने मला साबणाचं पाणी शिकवावं आणि माझ्याच बायकोने ते डोळे मोठे करून सांगावं, म्हणजे जिवाची नुसती लाही लाही झाली. उपाय बरोबर आहे हे मला ऐकताक्षणी कळलं होतं. म्हणूनच तो करायचा नाही असं मी ठरवलं.

शनिवारी दुपारी दुकान बंद केलं आणि गाडीलाच गिऱ्हाईक समजून कामाला लागलो. पट्टा ओढला, हँगरचा चिमटा लावला, धुतला (साबण वेगळा, आमच्या दुकानचा). पण तिथेच थांबलो असतो तर ते तुमचंच काम झालं असतं. म्हणून मी खळ केली. घट्ट, हॉटेलातल्या वेटरांच्या कॉलरना देतो तशी. ती पट्ट्याला वरपासून खालपर्यंत चोपडली, लांब वायर ओढून इस्त्री गाडीत आणली आणि मधोमध अशी धार काढली की बोट कापावं (कापलं. तीन कापली). काम झाल्यावर मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. तुमची फार आठवण आली.

सोमवारी सव्वाआठला तिला बाहेर बोलावलं. ती बसली, जरा जोर लावून बक्कल अडकवलं, मी ऐटीत चिमटा काढला. पट्टा खरखरत आत गेला, त्याने तिला सीटला चिकटवलं आणि इस्त्रीची घडी पट्टा आत जायच्या भोकात पाचरीसारखी बसली. आता आत नाही की बाहेर नाही. तिने लाल बटण दाबलं, तर ते दबेना. खळ ओघळून बक्कलात गेली होती आणि दोन दिवसांत वाळून तिचा दगड झाला होता. पंधरा मिनिटं मी बटणाशी झटापट करत होतो आणि ती घड्याळ बघत होती. खोटं कशाला बोलू, इतक्या दिवसांनी ती माझ्या शेजारी बसली होती आणि मला बरं वाटत होतं. तेवढ्यात तुमचा हॉर्न वाजला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पेलाभर गरम पाणी मागितलंत, बक्कलात थेंब थेंब सोडलंत आणि एका बोटाने बटण दाबलंत. चार मिनिटांत सुटली. हसला असतात तर मी तुम्हाला माफ केलं असतं. पण तुम्ही पट्ट्यावरून हात फिरवून म्हणालात, "इस्त्री मात्र सुरेख झालीये." आणि मनापासून म्हणालात, हेच मला सहन होत नाही. मग ती तुमच्या गाडीत बसली आणि मी फाटकात रिकामा पेला धरून उभा राहिलो.

असो. मदतीबद्दल आभार. मोठ्या ताईंना नमस्कार सांगा. आमच्यावर लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये ही विनंती.

तुमचा (नाइलाजाने),
साडू

ता. क. १: पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुमच्या शेजारच्या सीटचा पट्टा पुन्हा बिघडलाय, असं तिला सांगाल का? महिनाभर पुरे. खोटं बोलणं जिवावर येत असेल तर मी येऊन खरोखर बिघडवून देतो. तेवढं मला जमतं, हे तुम्ही पाहिलंच आहे.

ता. क. २: वरची विनंती रद्द. आत्ता संध्याकाळी ती दुकानात आली आणि एवढा हट्ट कशासाठी होता ते विचारलं. मी हातातला शर्ट खाली ठेवला आणि म्हणालो, "तू त्यांच्या शेजारी बसून जातेस, ते मला बघवत नाही." तिने तो शर्ट उचलून घडी करून ठेवला. मग म्हणाली, "पंधरा दिवस तोंड शिवलं होतं का?" आणि बाहेर जाऊन तिने मागच्या सीटवरची गिऱ्हाइकांची गाठोडी उचलून पुढे टाकली, मागे बसली आणि मागचा पट्टा लावला. कधी कोणी न वापरलेला, कोरा करकरीत. हे आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं. उद्यापासून फाटकाशी थांबू नका. लोक मला तिचा ड्रायव्हर समजतील, समजू देत. शेजारी बसायची तेव्हा तिच्याकडे बघितलं की समोर बघा म्हणायची. आता येताना समोरच्या आरशात घरापर्यंत दिसत होती, आणि सिग्नलला तिनेही वर बघितलं. तुम्हाला ती आरशात एकदाही दिसली नसणार, साडूभाऊ. तुमच्या ती शेजारी बसायची.