मचव्याला जखडलेली सायकल

शुक्रवार, ९ मार्च १९३४
पहिली आली ती सखुबाई. कोलंबीची पाटी ओट्यावर टाकून सांगत सुटली, तुमचा आफ्रिकेचा नातू आगरदांड्याहून होडीनं दिघीला आलाय, सायकल आधी उतरवली, बायको मागनं. जळते मेली. माझा शब्बीर! केपटाउनात जन्मला, आजोळ पहिल्यांदा बघतोय. नातसून तैयबा फर्स्टक्लास हाय. मुरूडला सायकल भाड्यानं घेतली. परदेशी बघून दुकानवाल्यानं गहाण मागितलं, तर यानं घड्याळच दिलं. माझ्या मालकांचं, ते गेल्यावर मीच लेकीकडे धाडलेलं. म्हटलं, सायकल मी सांभाळते. माझ्या हातून आजवर काही हरवलं न्हाय. ती बकरी आपण होऊन गेली.

रविवार, ११
सायकल चुलीपाशी ठेवली. सीटवर कोंबड्या बसल्या. बसू देत, फुकटचा पहारा. तैयबानं नाक धरून सीट धुतली.

मंगळवार, १३
खुंट्याला बांधली. दुसऱ्या बकरीनं हँडलचं रबर खाल्लं. थोडंसंच.
शब्बीरनं केपचं साखळी-कुलूप दिलं. दीर अलीमियाँचा मचवा डागडुजीला किनाऱ्यावर चढवलाय, महिनाभर हलला न्हाय. त्याच्या पुढच्या कडीला सायकल जखडली. एवढा मचवा कोण उचलून नेणार? चावी माझ्या कमरेला. शब्बीरशिवाय कोणाला देणार न्हाय, कोणी रडलं तरी.

शुक्रवार, १६, सकाळ
फजरच्या नमाजानंतर अलीमियाँनी दार ठोठावलं. "भाबी, चावी द्या. उधाणाचं पाणी माझ्यासाठी थांबायचं न्हाय."
मला वाटलं परीक्षा बघतायत. आतनंच म्हटलं, शब्बीरलाच देईन. तो गाढ झोपलेला, पाहुण्याला उठवतात का? पुन्हा हाक आली न्हाय. जिंकले.

दुपार
मचवा नारळ भरून मुंबईला गेला. सायकलीसकट. बरंच झालं. भर समुद्रात चोर कुठला?

सोमवार, १९
मचवा न्हाय, शब्बीरची परतीची आगबोट मात्र आली. दुकानवाला म्हणतो, सायकल दाखवा, घड्याळ न्या. खरंच हाय त्याचं. शब्बीर सारखा रिकामा खिसा चाचपत होता. मला म्हणाला, नानी, सायकल आली की तू घड्याळ सोडव. रडू आलं, पण शब्द पाळला. निघताना चावी शब्बीरच्याच हातात दिली. गडबडीत त्यानं खिशात टाकली.

शनिवार, २४
मचवा आला! सायकल गंजली, पण जागच्या जागी. सांगत होते ना. दुकानवाला घड्याळ घेऊन हजर. म्हणाला, काढा सोडवून. मी कमरेला हात लावला.
दयाराम लोहाराच्या दोन कानशी मोडल्या. केपचं लोखंड. दुकानवाला घड्याळ घेऊन गेला, अलीमियाँ सायकल घेऊन परत मुंबईला.
शब्बीर परत यायचं कबूल करून गेलाय, पुढल्या वर्षीच्या बकरीदच्या आदल्या जुम्म्याला. लिहून ठेवते.